तीस महिन्यांचा हिशोब

अपुऱ्या दिवसांच्या बाळाबद्दल आपल्याकडे दोन वाक्ये ठरलेली असतात. बाळ काचेच्या पेटीत असते तोवर ‘दुआ करा’, आणि घरी आले की ‘अल्हम्दुलिल्लाह, वाचलं’. तिसरे वाक्य आपल्याकडे नाही. पहिले वाक्य बोलले जाते तेव्हा सारे नातेवाईक दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलेले असतात. दुसरे बोलून झाले की जो तो आपापल्या ड्युटीवर जातो. मागे राहते ती आई आणि तिच्या पदराखालचा दीड किलोचा जीव. वाचले म्हणजे नेमके काय झाले? ज्यांनी वाचवले त्यांची जबाबदारी डिस्चार्जच्या कागदावर सही झाली त्या क्षणी संपली का? हा प्रश्न आम्हाला काही वर्षांपासून पडला आहे.

आम्ही डॉक्टर नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. बी.एड.च्या अभ्यासात बालमानसशास्त्राचा एक पेपर होता, तेवढीच या विषयातली आमची पदवी. परंतु या बाळांशी आमची गाठ पडते ती सहा वर्षांनी, जेव्हा त्यांना कोणी बाळ म्हणत नाही आणि ती अपुऱ्या दिवसांची होती हेही कोणाच्या ध्यानात नसते. तेव्हा त्यांचे नाव बदललेले असते. कोणी त्यांना ‘कमजोर’ म्हणतो, कोणी ‘मठ्ठ’, कोणी ‘लक्षच देत नाही’ म्हणतो.

आम्ही राहतो ते पिंपळे सौदागर. गावाच्या नावात फारसी ‘सौदागर’ आहे याचे आम्हा उर्दूवाल्यांना उगीचच कौतुक. पवनेच्या काठचे जुने गाव आता शोधावे लागते. सगळीकडे हिंजवडीला जाणाऱ्यांच्या सोसायट्या उभ्या आहेत. रहाटणी-काळेवाडीकडे वळले की दोन खोल्यांची भाड्याची घरे लागतात. तिथे लातूर, बीड, नांदेडहून आलेली, भोसरी-चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर लागलेली माणसे राहतात. या दोन जगांमधले अंतर रिक्षाने दहा मिनिटांचे आहे. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या पाट्या मात्र दोन्हीकडे दिसू लागल्या आहेत. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जी बाळे गेलीच असती, ती आज वाचतात. ही खरोखर मोठी गोष्ट आहे आणि तिचे श्रेय डॉक्टरांना व परिचारिकांना मनापासून दिले पाहिजे.

सदतीस आठवड्यांच्या आत जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे समजतात. २०२० या एका वर्षात जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली आणि त्यांतली ३० लाखांहून अधिक एकट्या भारतात. म्हणजे हा एखाद्या दुर्दैवी घराचा प्रश्न नाही, प्रत्येक मोहल्ल्याचा, प्रत्येक वर्गाच्या पटाचा आहे. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांची एक समजूत आहे की सातव्यातले जगते, आठव्यातले जगत नाही. खरे तर आईच्या पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या हिताचाच असतो. पण या समजुतीची एक गंमत आहे. तिच्यात फक्त जगण्या-मरण्याचा विचार आहे, जगल्यानंतरचा नाही. आमची नवी वैद्यकीय भाषाही अनेकदा तिथेच थांबते.

वाचवणाऱ्यावर जबाबदारी का येते, हे समजून घ्यायला डोळ्यांचा इतिहास पुरेसा आहे. १९४० च्या दशकात पाश्चात्त्य देशांत पेट्या सुधारल्या आणि त्यांत भरपूर ऑक्सिजन सोडला जाऊ लागला. बाळे जगू लागली आणि त्यांतली पुष्कळ आंधळी होऊ लागली. १९४२ मध्ये या आजाराचे पहिले वर्णन झाले, कारण हाती यायला आणखी बारा वर्षे लागली. तोवर सुमारे १० हजार मुलांची दृष्टी गेली होती. १९५० मध्ये सहा आठवडे आधी जन्मलेला गायक स्टीव्ही वंडर त्यांतलाच एक. पुढे ऑक्सिजन आखडता घेतला, तर डोळे वाचले आणि मृत्यू वाढले. जी हवा जीव देत होती तीच डोळा घेत होती. यात कोणाचा हेतू वाईट नव्हता. परंतु आम्हाला वाटते की अशा जागी ‘हेतू चांगला होता’ एवढ्यावर हिशोब बंद करता येत नाही. आपण मध्ये पडून एक जीव या जगात ओढून आणला असेल, तर आपल्या मध्ये पडण्याने त्याच्या वाट्याला जे आले त्याचेही आपण देणे लागतो.

आज त्या डोळ्यांच्या आजारावर लेसरसारखे उपचार आहेत, पण त्यांची वेळ ठरलेली आहे. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासला गेला पाहिजे. फारच लहान बाळांचा तर दोन-तीन आठवड्यांतच. पुण्यात महंमदवाडीच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयासारख्या संस्था हे काम करतात.

आता आपल्या घरांकडे पाहू. आपल्याकडे चिल्ला असतो. चाळीस दिवस बाळ-बाळंतीण उंबरठ्याबाहेर पडत नाहीत. आमच्या हिंदू शेजाऱ्यांकडे सव्वा महिना असतो, फरक नावापुरताच. तपासणीचे तीस दिवस या चाळीस दिवसांच्या पोटात येतात! दवाखान्याने कागदावर तारीख लिहून दिलेली असते आणि घरातली दादी म्हणते, ‘चिल्ला होऊ दे, मग जाऊ. एवढ्याशा जिवाला हवा लागेल, नजर लागेल.’ दादीला दुष्ट ठरवणे सोपे आहे, आम्ही तसे करणार नाही. तिच्या काळात बाहेरची हवाच खरोखर मारत होती. बाळाला चाळीस दिवस लोकांच्या हातांपासून लांब ठेवण्यात शहाणपण होते आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या बाबतीत ते आजही आहे. पाहुण्यांनी पापे घेऊ नयेत, खोकणाऱ्याने जवळ जाऊ नये, हे डॉक्टरही सांगतात. चूक होते ती एवढीच की रक्षणासाठी केलेला नियम रक्षणाच्याच आड येतो आणि कोणाला ते जाणवत नाही.

काही जण या नियमाला दीनचा आधार देऊ पाहतात, म्हणून दोन शब्द. बाळंतिणीच्या निफासची कमाल मुदत हनफी मसलकात चाळीस दिवस धरतात, आपल्या कोकणातल्या शाफई मंडळींत साठ. ती मुदत नमाज-रोज्याशी निगडित आहे. त्या काळात बाळाला दवाखान्यात नेऊ नये असे कोणत्याही इमामाने सांगितल्याचे आमच्या वाचनात नाही. शंका असेल तर आपल्या मस्जिदीच्या मौलानांना विचारावे. दादीला शाळेच्या मास्तरापेक्षा त्यांचे ऐकायला बरे वाटते आणि त्यात गैर काही नाही.

विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट. आपल्यापैकी पुष्कळांना हा किस्सा ठाऊक असेल. निकाहनंतर सहाच महिन्यांत एका बाईला मूल झाले, तिच्यावर बदचलनीचा आरोप आला आणि शिक्षा ठरू लागली. तेव्हा हजरत अली (रजि.) यांनी कुरआनच्या दोन ठिकाणांचा मेळ घालून दाखवला. एके ठिकाणी गर्भ आणि दूध तोडणे यांचा मिळून तीस महिन्यांचा उल्लेख आहे, दुसरीकडे दूध पाजण्याची दोन वर्षे सांगितली आहेत. तिसांतून चोवीस वजा केले की सहा उरतात. म्हणजे सहा महिन्यांचे मूलही वैध मूल आहे. ही घटना काही ग्रंथांत हजरत उमर (रजि.) यांच्या काळातली, तर काहींत हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळातली सांगितली आहे, काही ठिकाणी हा युक्तिवाद इब्न अब्बास (रजि.) यांच्या नावावर आहे. बाई सुटली. फिक्हने तेव्हापासून सहा महिने ही गर्भाची किमान मुदत धरली. जिवंत जन्मून एकदा रडलेले मूल बापाच्या मालमत्तेचे वारस ठरते, मग ते पुढे घटकाभर जगो वा वर्षभर.

यातून विज्ञान काढण्याचा आमचा मुळीच इरादा नाही. तसे करणाऱ्यांचा आम्हाला कंटाळा आहे. आम्हाला एवढेच दिसते की आपण या वजाबाकीतले सहा लक्षात ठेवले आणि चोवीस विसरलो. सहा महिन्यांच्या मुलाला पूर्ण हक्काचा माणूस मानले, हे थोरच. पण त्याच हिशोबात पुढची दोन वर्षे आई-बापाच्या, आणि बाप नसेल तर वारसांच्या, अंगावर टाकलेली आहेत. दूध पाजणारीचे अन्न-वस्त्र बापाने पुरवायचे, कोणावर त्याच्या ताकदीबाहेर ओझे टाकायचे नाही, हे सारे तिथेच आहे. योगायोग म्हणा, आजचे बालरोगतज्ज्ञही अशा बाळांच्या बाबतीत पहिली दोन वर्षेच सर्वांत मोलाची मानतात.

त्या दोन वर्षांत करायचे काय असते? लोकांना वाटते, काहीतरी मोठी यंत्रे, महागडे उपचार. बहुतेक काम साधे असते आणि ते आईच करते. बाळाला छातीशी कातडीला कातडी लावून ठेवायचे. ही कांगारू पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून सुरू झाली आणि आता जगभर गेली आहे. जागे असताना थोडा वेळ पालथे ठेवायचे, म्हणजे मान धरते. तोंडासमोर तोंड नेऊन बोलायचे. काळ्या-पांढऱ्या ठळक चित्रावर, खुळखुळ्यावर नजर फिरते का पाहायचे. दोन्ही मुठी उघडतात का, पाय कात्रीसारखे ताठ होतात का, हे कपडे बदलताना बघायचे. कानांची तपासणी पहिल्या महिन्यात करायची आणि दोष निघालाच तर सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू करायचे. ठरावीक महिन्यांनी केंद्रात जायचे. तिथले फिजिओथेरपिस्ट आईला पुढच्या टप्प्याचे व्यायाम शिकवतात. तिरुवनंतपुरमच्या चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटरमध्ये डॉ. एम. के. सी. नायर यांनी असे घरगुती उद्दीपन आयांकडूनच करून घेतले, आणि एक व दोन वर्षांच्या वयात त्या मुलांच्या विकासात फरक दिसला.

यात एक गोष्ट पुष्कळ शिकलेल्या पालकांनाही ठाऊक नसते. अशा बाळाला दोन वये असतात. एक जन्मतारखेपासूनचे, दुसरे डॉक्टरांनी दिलेल्या नियत तारखेपासूनचे. या दुसऱ्याला सुधारित वय म्हणतात. लसी जन्मतारखेनुसार द्यायच्या. मान धरणे, बसणे, चालणे मात्र दोन वर्षांपर्यंत सुधारित वयानुसार मोजायचे. दोन महिने आधी आलेले मूल सहा महिन्यांचे झाले म्हणजे विकासाच्या दृष्टीने ते चारच महिन्यांचे आहे. हे माहीत नसल्यामुळे दोन तऱ्हेचा अन्याय होतो. कोणी बाळाला उगीच मागे पडलेले समजून आईला बोल लावतो. कोणी उलट ‘अपुऱ्या दिवसांचं आहे, करेल हळूहळू’ म्हणत दीड वर्ष काढतो. या ‘हळूहळू’ला आपण तवक्कलचे नाव देतो. उंट आधी बांधून मग भरवसा ठेवायची गोष्ट आपण लहान मुलांना सांगतो, तेव्हा बहुधा स्वतः ऐकत नसतो.

न्यूटनही अपुऱ्या दिवसांचा होता, हे वाक्य तर आम्हाला नकोसे झाले आहे. आईला धीर देण्यासाठी म्हणतात, पण त्याचा उपयोग बहुधा तपासणी टाळण्याकडेच होतो.

आमच्या ओळखीच्या दोन घरी एकाच हिवाळ्यात अशी बाळे आली. एक घर कुणाल आयकॉन रस्त्यावरच्या सोसायटीतले, बाप हिंजवडीला. दुसरे काळेवाडीतले, बाप चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटावर, बहुधा तिसऱ्या पाळीत. सोसायटीतल्या घरी थेरपिस्ट येत असे. पण ही गोष्ट सासरी कळू नये म्हणून तिची वेळ दुपारची, कामवाली गेल्यानंतरची ठेवली होती. काळेवाडीच्या घरात डिस्चार्जचा कागद इंग्रजीत होता. त्यातल्या तारखा वाचून दाखवल्या त्या आशाताईने. तिनेच दादीची समजूत घातली आणि एकोणतिसाव्या दिवशी बाळाचे डोळे तपासून घेतले. लेसरची गरज निघाली, ते झाले, दृष्टी राहिली. त्यानंतर मात्र वर्षभर कोणी कुठे गेले नाही. एक फेरी म्हणजे बापाचा एक खाडा, रिक्षाचे पैसे, वरच्या मुलाला कोणाकडे ठेवायचे हा घोर. पंधराव्या महिन्यात मूल बसत नाही म्हणून नेले, तेव्हा पायांचा ताठरपणा पक्का झाला होता. सोसायटीतले मूल सतराव्या महिन्यात चालले. दोन मुलांची तुलना करून काही सिद्ध होत नाही, हे आम्हाला समजते. जन्माच्या वेळचे घावच वेगळे असू शकतात. परंतु दुसऱ्या मुलाला जी संधी पहिल्याइतकी मिळायला हवी होती ती मिळाली नाही, हे म्हणायला कोणत्या संशोधनाची गरज आहे?

सोय नाही असे नाही, हेच अधिक बोचते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्याच पालघरमधून झाली. त्याअंतर्गत जिल्ह्या-जिल्ह्यात शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उघडली. पुणे जिल्ह्याचे केंद्र औंधच्या जिल्हा रुग्णालयात आहे, म्हणजे आमच्या घरापासून चार-पाच किलोमीटरवर. मोरवाडीला महापालिकेचे दिव्यांग भवन आहे. नवजात बाळाची काळजी घरी जाऊन घेण्याचा धडा तर साऱ्या देशाने गडचिरोलीत गिरवला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’चे ते काम १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि आज आशाताई पहिल्या बेचाळीस दिवसांत घरी येतात त्याचे मूळ तिथे आहे. २०१८ पासून पंधरा महिन्यांपर्यंतच्या भेटींचीही योजना झाली. गंमत अशी की सोसायटीच्या फाटकावर आशाताईला ‘कोणता फ्लॅट?’ असे विचारून अडवतात. फ्लॅटवाल्यांना ती आपल्यासाठी नाही असे वाटते आणि खोलीवाल्यांना औंध आपल्यासाठी नाही असे वाटते.

कायद्याचेही तेच. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. तिसाव्या आठवड्यात बाळंत झालेली बाई ती संपवून कामावर जाते, तेव्हा तिच्या बाळाचे सुधारित वय जेमतेम सोळा आठवडे असते. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाच्या आई-बापांना बारा आठवड्यांपर्यंत जादा रजा मिळते. आपल्या कंत्राटी कामगाराला पहिलीच रजा मिळाली तर पुष्कळ.

आता एक अवघड प्रश्न, जो टाळणे बरे नव्हे. या साऱ्या खटपटीचा फायदा टिकतो का? अमेरिकेत १९८० च्या दशकात आठ ठिकाणच्या ९८५ बाळांचा मोठा प्रयोग झाला. त्यांतल्या एका गटाच्या घरी डिस्चार्जपासून तीन वर्षांपर्यंत माणसे जात होती, शिवाय वर्षाची झाल्यावर त्यांच्यासाठी खास केंद्रही होते. तिसऱ्या वर्षी त्या मुलांची बुद्धी स्पष्टपणे सरस दिसली. आठव्या वर्षापर्यंत तो फरक बराच विरला. जन्मतः थोडी जड असलेल्या मुलांत काहीसा उरला, फार हलक्या मुलांत जवळजवळ नाही. हे वाचून एखादा हिशोबी माणूस म्हणेल, मग कशाला एवढा खर्च?

आमचे उत्तर शिक्षकाचे आहे. तिसऱ्या वर्षापर्यंत पाणी घातलेल्या रोपाला नंतर पाणी देणे बंद केले आणि आठव्या वर्षी ते सुकले, तर पहिले पाणी वाया गेले असे कोणी म्हणत नाही. पुढची पाच वर्षे पाणी कोणी घालायचे होते, असे विचारतो. दुसरे असे की काही गोष्टी फळासाठी केल्या जात नाहीत. दुबळ्या मुलाला दोन वर्षे आपला चेहरा, आवाज, हात देणे हे त्याचा बुद्ध्यांक सात अंकांनी वाढेल म्हणून करायचे असते का? वाढला तर आनंदच आहे. न वाढला तरी त्याचा हक्क कमी होत नाही. एकदा रडलेल्या मुलाला वारस ठरवणाऱ्या फिक्हने, हे मूल पुढे कमावते होईल का, असे विचारले नव्हते.

या पुढच्या वर्षांचे उत्तम काम पुण्यातच झाले आहे. रास्ता पेठेतल्या के.ई.एम. रुग्णालयातून ऑक्टोबर १९८७ ते एप्रिल १९८९ या काळात घरी गेलेल्या, दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांचा डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारुण्यापर्यंत पाठपुरावा केला. घरे बदलली, गावे बदलली, तरी मुले हातची जाऊ दिली नाहीत. बारा वर्षांच्या वयातले निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ९० च्या जवळपास, म्हणजे सर्वसाधारण मर्यादेतच होता. पूर्ण दिवसांच्या मुलांचा ९७ होता. डोळा आणि हात यांचा मेळ कमी पडत होता आणि लिहिणे व गणित या दोन ठिकाणी अडचण अधिक होती.

हा निबंध वाचताना आमच्या डोळ्यांपुढे वर्ग उभा राहिला. उर्दू लिहिणे म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. बे, पे, ते, से या चारही अक्षरांची नाव एकच, फरक नुक्त्यांचा. एक खाली, तीन खाली, दोन वर, तीन वर. अक्षर शब्दात शिरले की त्याचा आकार बदलतो आणि ओळखायला नुक्ताच उरतो. ज्या मुलाचा हात डोळ्याचे ऐकत नाही त्याचा नुक्ता शेजारच्या अक्षरावर पडतो आणि सगळा शब्द बिघडतो. मग गणिताची वही उघडते. मजकूर उजवीकडून डावीकडे आणि आकडे डावीकडून उजवीकडे! धडधाकट मूल हे उलटसुलट महिनाभरात पचवते. एखादे मूल दुसरीतही वहीच्या मध्यावर थबकून बसते. वर्गात पन्नास मुले असतात, मास्तर पुढे जातात. त्या थबकण्याला वहीत लाल रेघ मिळते आणि प्रगतिपुस्तकात ‘अधिक मेहनत आवश्यक’.

त्यात वयाचा घोटाळा आहे. पहिलीच्या प्रवेशासाठी आपल्या राज्यात ३१ डिसेंबर हा मानीव दिनांक आहे. त्या तारखेला सहा वर्षे पूर्ण हवीत. समजा, एका बाईला १० फेब्रुवारी ही नियत तारीख दिली होती आणि ती एकतिसाव्या आठवड्यात, ९ डिसेंबरला बाळंत झाली. पूर्ण दिवसांनी आले असते तर ते मूल पुढच्या वर्षीच्या तुकडीत बसले असते. आता ते एक वर्ष आधी, सगळ्यांत लहान म्हणून, सगळ्यांत नाजूक हात घेऊन पहिलीत येते. सुधारित वय दोन वर्षांनंतर मोजत नाहीत हे वैद्यकदृष्ट्या ठीक आहे, परंतु शाळेच्या दाखल्याने त्याच्याकडून जे वर्ष घेतले ते कोणी मोजत नाही. मूल एक वर्ष थांबवून घालायला कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी असते ती ‘वर्ष वाया जाईल’ या शब्दांची. या घरांत मुलगी असेल तर विचारायलाच नको. तिच्या बाबतीत फेऱ्या आधी बंद होतात, हे आम्ही पाहिले आहे.

जकात आणि सदक्याच्या पैशांतून आपल्या जमाती शिष्यवृत्त्या देतात, दवाखान्याची बिले भरतात. पेटीतल्या बाळासाठी मस्जिदीत घोषणा झाली की रुमाल भरतो. त्याच बाळाच्या औंधच्या फेऱ्यांसाठी, बापाच्या बुडालेल्या रोजासाठी रुमाल फिरल्याचे आम्ही अजून पाहिले नाही. महिन्याला एक-दोन फेऱ्या, दोन वर्षे, रिक्षाचे भाडे आणि मजुरी धरून हिशोब करा. पेटीच्या चार-सहा दिवसांच्या बिलात ते सारे बसेल. गरजू बापाला यासाठी जकात चालेल का, हे मुफ्ती साहेबांना विचारायला हवे. आम्हाला तरी अडचण दिसत नाही. अकीक्याच्या वेळी जमलेल्या नातेवाइकांनी आळीपाळीने एकेक फेरी वाटून घेतली तर पैशाचाही प्रश्न फारसा उरत नाही.

प्रवेशाच्या अर्जात जन्मतारीख, जन्मस्थळ, मातृभाषा, धर्म यांचे रकाने असतात, नियत तारखेचा नसतो. आम्ही जूनमधल्या पालकभेटीत ती तोंडीच विचारतो, ‘आपा, डॉक्टरांनी तारीख कोणती दिली होती?’ बाप बहुधा बायकोकडे पाहतो. आई मात्र लगेच सांगते. सहा-सात वर्षे झालेली असतात, मध्ये आणखी एक-दोन बाळंतपणे झालेली असतात, तरी दिवस आणि महिना तिच्या ओठांवर असतो. कोणी त्यापुढे न विचारता आठवडे आणि वजनही सांगते, ग्रॅमसकट. आम्ही ते वर्गाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतो. यंदा त्या पानावर सात नावे आहेत.